औंधचा प्लॅन

आमच्या विंगमध्ये जपान्या नावाचा एक प्राणी राहतो. आईवडिलांनी ठेवलेलं नाव वेगळं आहे, पण ते आता फक्त हॉलतिकिटावर उरलंय. सेकंड इयरपासून हा गडी जपानी शिकतोय. ‘तिकडच्या कंपनीत नोकरी लागली की सुटलो’ हे त्याचं पालुपद. त्याच्या कॉटच्या वर क्योतोचं एक कॅलेंडर आहे. वर्ष संपून गेलं तरी ते उतरलेलं नाही, कारण फोटो चांगले आहेत म्हणे.

जानेवारीत एका रविवारी लाईट गेली होती. मोबाईल आधीच झोपलेले. टाईमपास म्हणून मी त्याची वही चाळत होतो, तर मागच्या पानांवर एक टाईमटेबल सापडलं. शीर्षक : ‘क्योतो – दोन दिवस’. पहिला दिवस, सकाळी साडेसहा, फुशिमी इनारीच्या लाल कमानी. नऊ वाजता कियोमिझु मंदिर. दुपारी किंकाकुजी, म्हणजे ते सोन्याचा वर्ख लावलेलं. पुढं जेवण, चालत किती, बसनं किती, सगळं लिहिलेलं. पासपोर्ट काढला नव्हता, पण दुसऱ्या दिवशीची परतीची गाडीसुद्धा ठरलेली होती!

आम्ही हसून हसून लोळलो. जपान्या मात्र शांतपणे म्हणाला, ‘‘हसा लेको. हजारावर वर्षं सम्राटाची राजधानी होती ती. इ. स. ७९४ पासून. तुम्ही आयुष्यात एक तरी राजधानी बघितलीय का?’’

प्रश्न तसा वाकडाच होता. खिडकीत बसलेला बापू एवढंच म्हणाला, ‘‘औंध.’’

‘‘पुण्याचं?’’ जपान्यानं विचारलं. तो पुण्याचा, त्याला दुसरं औंध माहीतच नाही.

‘‘आरं, पुण्याचं न्हवं. आमचं. खटाव तालुक्यातलं. ती बी राजधानीच हुती की.’’

एवढं बोलून बापू पुन्हा जर्नलमध्ये घुसला. तो तसा कमीच बोलतो. आणि माझ्या डोक्यात मात्र चक्र सुरू झालं.

आता माझ्याविषयी थोडं. (आत्मस्तुतीचा दोष पत्करून.) मी विंगचा प्लॅनर. कुणाचा वाढदिवस असो, गॅदरिंगचा स्टॉल असो, सबमिशनच्या आदल्या रात्री कुणी कुणाची फाईल उतरवायची हे असो, यादी माझ्याकडं. मला याद्या करायला आवडतात. खरं सांगायचं तर ट्रिपपेक्षा ट्रिपची यादी मला जास्त आवडते. म्हटलं, क्योतो जेव्हा होईल तेव्हा होईल. कऱ्हाडपासून पन्नासेक किलोमीटरवर एक राजधानी आहे, तिथं शनिवार-रविवार जाऊन येऊ. आणि जपान्याच्या वहीच्या तोडीस तोड प्लॅन करू.

कामाला लागलो. लायब्ररीत बसलो, नेट पालथं घातलं, आणि मित्रांनो, जे सापडत गेलं त्यानं माझीच विकेट पडली.

पहिला धक्का ओगलेवाडीचा. आपण घरी जायला ज्या कऱ्हाड स्टेशनावर गाडीची वाट बघत बसतो, ते ओगलेवाडीला आहे. हे नाव आलं ओगले बंधूंच्या काच कारखान्यावरून. १९१६ साली सुरू झालेला हा कारखाना. ‘प्रभाकर’ कंदील इथलेच. घरी आजीला विचारा, तिला आठवेल. कारखाना कधीच बंद पडला, नाव राहिलं. पण ती जमीन त्यावेळी इंग्रजांची नव्हती, औंध संस्थानची होती!

दुसरा धक्का घरचा. माझं गाव कुंडलजवळ. तिथून किर्लोस्करवाडी हाकेच्या अंतरावर. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातून कारखाना हलवावा लागला, तेव्हा औंधच्या राजांनी त्यांना कुंडलजवळचा निवडुंगानं भरलेला माळ दिला, वर पैशाचीही मदत केली. ते साल १९१०. त्या माळावर लोखंडी नांगर तयार झाले आणि ‘कुंडल रोड’ नावाच्या स्टेशनाची पुढं किर्लोस्करवाडी झाली. हे अर्धं मला पाठ होतं, कारण आमच्या घरातले दोघं-तिघं तिथं चिकटलेले. पण तो माळ ‘औंधचा’ होता, हे कधी डोक्यात शिरलं नव्हतं. औंध साताऱ्यात, कुंडल सांगलीत. मध्ये केवढं अंतर!

आजोबांना फोन लावला. ते आता पंच्याऐंशीच्या पुढं आहेत. म्हटलं, ‘‘आजोबा, आपलं गाव औंध संस्थानात होतं का?’’

‘‘मग? आमी औंधकरच. पहिलीला होतो मी. शाळेत पाटी काढायच्या आधी सूर्यनमस्कार. मास्तर छडी घेऊन उभा. राजा सोताबी घालायचा रं, म्हातारपणीसुदिक. तुज्या हॉस्टेलात घालत्यात का?’’

मी विषय बदलला.

ते राजे म्हणजे भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. जन्म १८६८, गादीवर आले १९०९ साली. चित्रं काढायचे, कीर्तन करायचे, सूर्यनमस्काराचा प्रसार तर त्यांनी इतका केला की त्यावर इंग्रजीत पुस्तक निघालं. संस्थान एकसंध नव्हतंच. औंध इकडं, आटपाडी तिकडं, कुंडल तिसरीकडं. फाटक्या गोधडीच्या तुकड्यांसारखं. सारी मिळून ७२ गावं आणि पाऊण लाखाच्या आसपास लोक. आज आपल्या एखाद्या तालुक्याच्या गावातसुद्धा एवढे लोक सापडतील.

झालं! एक्सेल शीट उघडलं. शनिवार, पहाटे साडेपाच, हॉस्टेलच्या गेटवर भाड्याची जीप. औंध. ग्रामातलं यमाईचं देऊळ आणि उंच दीपमाळ, पंचवीस मिनिटं. राजवाडा बाहेरून, पंधरा मिनिटं. मूळपीठाचा डोंगर. श्री भवानी संग्रहालय, पन्नास मिनिटं. दुपारी हॉटेलात जेवण. मग जीपनं थेट आटपाडी, तिथं स्वतंत्रपूर. रात्री लॉजवर मुक्काम. रविवारी कुंडल, किर्लोस्करवाडी, शेवटी ओगलेवाडी. अकरा ठिकाणं, दोन दिवस, माणशी खर्च चौदाशे रुपये. रंगसुद्धा भरले : जेवण पिवळं, प्रवास निळा, प्रेक्षणीय हिरवं. जपान्याला दाखवलं. त्यानं वही काढून शेजारी ठेवली आणि मान डोलवली. यापेक्षा मोठं सर्टिफिकेट नाही.

बुधवारी रात्री माझ्या रूमवर मीटिंग. जपान्या, मोम्या, डॉक्टर (हा डॉक्टर नाही, फक्त सगळ्या गोळ्या बाळगतो), बापू आणि मी. मी शीट वाचून दाखवलं. टाळ्या पडल्या. शेवटी म्हटलं, ‘‘शुक्रवारपर्यंत चौदाशे प्रत्येकी. फोनवर टाका, नाहीतर रोख द्या.’’

बापू म्हणाला, ‘‘माझं जमायचं न्हाई. सबमिशन हाय.’’

‘‘सबमिशन पुढच्या महिन्यात आहे.’’

‘‘वाचायचंय.’’

गुरुवारी पुन्हा विचारलं, तर म्हणाला गावाकडं काम आहे. शुक्रवारी विचारलं, तर पोट बरं नाही. माझं डोकं सणकलं. एक माणूस गळाला की जीपचा हिशोब बदलतो, म्हणजे निळा रकाना आख्खा बदलतो! शुक्रवारी रात्री मेसमध्ये, पन्नासेक पोरं जेवत असताना, मी त्याच्या ताटासमोर उभा राहून म्हणालो, ‘‘एकदा खरं सांग ना. फुकट यायचं असेल तर तसं सांग, आम्ही वाटून घेऊ.’’

मी विनोद म्हणून बोललो, असं नंतर स्वतःला खूपदा सांगून पाहिलं. तो विनोद नव्हता.

बापूनं वर बघितलं नाही. ताटातली भाकरी संपवली. उठून ताट धुतलं, रॅकला लावलं आणि गेला. कुणी काहीच बोललं नाही. भाजी वाढणाऱ्या मामांनी तेवढं माझ्याकडं बघितलं. मी ताट घेऊन गेलो तेव्हा हळूच म्हणाले, ‘‘एका येळंलाच जेवतंय ते पोरगं दिवाळीपास्नं. रजिष्टर बघितलं न्हाई व्हय तुमी?’’

मी कशाला बघेन? माझ्या शीटमध्ये तो रकानाच नव्हता.

दिवाळीपासून. म्हणजे तीन महिने. आम्ही एकाच विंगमध्ये, एकाच बॅचला, त्याच्या जर्नलवरून माझी जर्नलं पूर्ण होतात. दुपारी तो ‘लायब्ररीत आहे’ एवढंच आम्हाला माहीत होतं. आणि तो लायब्ररीतच असायचा.

त्या रात्री झोप येईना. वेळ घालवायला शीट उघडलं, पण बघवेना. मग ठिकाणांची माहिती राहिली होती ती वाचत बसलो. ‘स्वतंत्रपूर’ समोर मी फक्त ‘उघडा तुरुंग, फोटो’ एवढंच लिहिलं होतं. वाचलं तेव्हा कळलं की औंधमध्ये एवढे दिवस मी जे शोधत होतो ते चित्रं आणि देवळंच होती. खरी गोष्ट वेगळीच होती.

१९३८ साली या बाळासाहेबांनी जाहीर केलं की माझी सत्ता मी लोकांना देऊन टाकतोय. इंग्रज अजून जायचे होते. कुणी मोर्चा आणून दारात बसलं नव्हतं. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत नुकतेच विलायतेहून शिकून आले होते. त्यांच्या बरोबरीनं या कामात होता एक पोलिश माणूस, मॉरिस फ्रीडमन. हा इंजिनिअर होता मित्रांनो, इलेक्ट्रिकलचा! बंगळूरला सरकारी कारखान्यात काम करायचा, तिथून औंधच्या नादाला लागला. गांधीजींच्या सल्ल्यानं घटना तयार झाली आणि २१ जानेवारी १९३९ रोजी ती लागू झाली. प्रत्येक गावात निवडून दिलेली पाच जणांची पंचायत, त्यावर तालुका, त्यावर विधिमंडळ. गावचा खर्च गावानं ठरवायचा. राजानं स्वतःचा खर्चही कमी करून घेतला. त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर झालं. कैद्यांनी भिंतीशिवाय राहायचं, शेती करायची, ही कल्पनाही फ्रीडमनचीच मानतात. पुढं व्ही. शांतारामांनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ काढला त्यामागं हीच वसाहत. आणि त्याची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर हे याच संस्थानातले, औंधच्या शाळेत शिकलेले. ८ मार्च १९४८ ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. म्हणजे नऊ वर्षांचा खेळ. पण झाला.

रात्री दोन वाजता मी हे वाचत होतो आणि समोर माझं रंगीत शीट. ७२ गावांचा राजा ‘तुमचं तुम्ही ठरवा’ म्हणाला, आणि मला पाच जणांच्या ट्रिपचं कुणाला काही विचारावं असं वाटलं नव्हतं. सत्ता म्हणजे काय, तर एक लॅपटॉप. तोही हप्त्यावरचा.

शनिवारी दिवसभर धीर झाला नाही. ट्रिप अर्थातच रद्द झाली होती, कुणी तसं म्हटलं नाही एवढंच. संध्याकाळी बापू गच्चीवर कपडे काढायला गेला, मागोमाग मी गेलो. काय बोलायचं ते पाठ करून गेलो होतो. ते सगळं विसरलो.

‘‘बापू, चुकलं.’’

तो चिमटे काढत राहिला. मग म्हणाला, ‘‘पैशाचं न्हवं रं.’’

‘‘मग?’’

‘‘औंधला जायाचं ठरिवलं. माझं गाव तिथनं सात किलोमीटर. पौषात यमाईची यात्रा असती, जन्मल्यापासनं जातोय मी. देवीला ‘ये माई’ अशी हाक मारली म्हणून यमाई, हे तू मला वाचून दाखिवलंस. मला! आणि एकदा तरी इचारलंस का, बापू कसं जायाचं, कुठं ऱ्हायाचं? थेट म्हणालास, चौदाशे टाक.’’

मी गप्प. खाली ग्राउंडवर व्हॉलीबॉल चालू होता.

‘‘आणि पैशाचं बी हायच,’’ तो म्हणाला. ‘‘औंदा आमच्यात पाऊस न्हाई. बोअर आटली. बहिणीचं डी.एड. हाय. मी म्हणलं, एका येळंला जेवलं म्हणून मरत न्हाई कुणी. पर ते समद्यांसमोर काढायचं न्हवतं.’’

‘‘मला माहीत नव्हतं.’’

‘‘ठावं हाय. म्हणून तर बोलतोय.’’

कपड्यांचा अर्धा ढीग त्यानं माझ्या हातात दिला. मला तेवढं पुरे होतं.

रविवारी रात्री दुसरी मीटिंग. या वेळी बापूच्या रूमवर. शीट उघडायचं नाही, असं मीच सांगितलं. मग प्रश्न आला की बजेट कसं ठरवायचं? कुणालाही ‘तुला किती जमेल’ विचारणं म्हणजे पुन्हा तेच. तोड बापूनं काढली. प्रत्येकानं कागदाच्या चिटोऱ्यावर, नाव न लिहिता, आकडा लिहायचा. प्रवास, जेवण, सगळं धरून किती जमेल तो. चिठ्ठ्या डॉक्टरच्या गोळ्यांच्या डब्यात टाकायच्या. त्यातला सगळ्यांत कमी आकडा, तेच सगळ्यांचं बजेट. त्यापेक्षा एक रुपया जास्त कुणी खर्च करायचा नाही. वाटून घ्यायचं नाही, उसने नाहीत, ‘राहू दे मी देतो’ नाही.

मोम्या म्हणाला, ‘‘हे बरोबर आहे. डिझाईन करताना आपण सगळ्यांत नाजूक मेंबरच बघतो.’’ मोम्या सिव्हिलचा.

चिठ्ठ्या उघडल्या. आठशे, पाचशे, तीनशे, तीनशे आणि दोनशे चाळीस.

मी न राहवून बापूकडं बघितलं. त्याच्या ते लक्षात आलं. सगळे गेल्यावर म्हणाला, ‘‘माझी तीनशेची हुती.’’

म्हणजे दोनशे चाळीसची आणखी कुणाची तरी. माझी नव्हे. तिघंच उरतात. तिघंही हसतखेळत कँटीनला चहा पिणारे, नवीन बूट घेणारे. कुणाची ते आजतागायत मला माहीत नाही. विचारायचं नाही, हा नियम आहे. पण त्या दिवसापासून मी माणसं जरा नीट बघायला लागलो.

दोनशे चाळीसचा प्लॅन पंधरा मिनिटांत झाला. जीप कटाप, एस.टी. हॉटेल कटाप, शनिवारी दुपारचं जेवण म्हणजे मेसच्या चपात्या बांधून. आटपाडी, कुंडल, किर्लोस्करवाडी पुढच्या वेळी. लॉज कटाप. ‘‘माझ्या घरी मुक्काम,’’ बापू म्हणाला. ‘‘पण आई जे करंल ते खायाचं. आणि पाणी जपून वापरायचं.’’ डॉक्टरनं आपणहून पाच किलो तांदळाचा विषय काढला, तेव्हा बापू म्हणाला, ‘‘तांदूळ नको. आंघोळ तेवढी इथनंच करून चला.’’ अकरा ठिकाणांची चार झाली. एक्सेल लागलंच नाही. सगळा प्लॅन जपान्यानं वहीच्या एका पानावर लिहिला, क्योतोच्या शेजारच्या.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारी निघालो. शामगावचा घाट चढेपर्यंत दोन्हीकडं ऊस. घाट चढला आणि ऊस संपला. खरंच, पाटी बदलावी तसा मुलूख बदलला. उघडे माळ, लांबवर टेकड्या, ज्वारीची काढणी चाललेली. जपान्या खिडकीतून बघत म्हणाला, ‘‘एवढ्या जवळ एवढं कोरडं?’’ बापू काही बोलला नाही. पुसेसावळी गेली आणि थोड्या वेळानं डोंगरावर देऊळ दिसायला लागलं. कंडक्टरच्या आधी बापूच म्हणाला, ‘‘उतरा.’’

सगळं वर्णन करत नाही. तुम्हीच जाऊन या. मूळपीठाच्या डोंगरावर पायऱ्यांनीही जाता येतं आणि गाडीरस्ताही आहे. आम्ही अर्थातच पायऱ्यांनी. वर किल्ल्यासारखी तटबंदी आणि आत काळ्या दगडातली यमाई बसलेली. चढाच्या वाटेवर संग्रहालय, १९३८ साली उघडलेलं. बाळासाहेबांनी आयुष्यभर जमवलेलं सगळं तिथं आहे. राजा रविवर्म्याची चित्रं आहेत, धुरंधरांची, बाबूराव पेंटरांची आहेत, जुनी लघुचित्रं आहेत. आणि एका ठिकाणी हेन्री मूर या जगप्रसिद्ध इंग्रज शिल्पकाराचं दगडातलं आई आणि मूल. शहरातल्या मोठ्या म्युझियममध्ये ज्याच्यासमोर रांग लागेल ते खटाव तालुक्यातल्या एका डोंगरावर शांतपणे बसलंय.

माझ्या जुन्या शीटमध्ये संग्रहालयाला पन्नास मिनिटं होती. आम्ही तीन तास होतो. आणि त्यातला निम्मा वेळ बापूमुळं. तिकीट काढताना तो हळूच मला म्हणाला, ‘‘मी पयल्यांदाच आत चाललोय.’’

‘‘काय सांगतोस? दर यात्रेला येतोस ना?’’

‘‘यात्रेला देवीला येतो आपण. पाळणं, जिलबी. इथं आत काय आपलं, असं वाटायचं. शाळेच्या सहलीला यायचं हुतं, तवा बी पैसं भरलं न्हवतं.’’

त्या आई-मुलाच्या शिल्पासमोर तो बराच वेळ उभा होता. नाक-डोळे नीट काढलेले नाहीत, नुसते गोल आकार. डॉक्टर म्हणाला, अर्धवट राहिलंय काय? बापू म्हणाला, ‘‘न्हाई. पुरं हाय.’’

खाली येऊन ग्रामातलं देऊळ बघितलं, दीपमाळेखाली बसून मेसच्या चपात्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. राजवाडा बाहेरून. मग वडापनं बापूच्या गावी. सात किलोमीटरला जीपमध्ये किती माणसं बसतात हे मेकॅनिकलवाल्यांनी अभ्यासण्यासारखं आहे.

बापूच्या आईनं पिठलं, भाकरी आणि मिरचीचा ठेचा केला होता. आम्ही पाच जणांनी किती भाकरी खाल्ल्या ते लिहीत नाही, रेक्टर सर वाचतील. रात्री अंगणात झोपलो. बापूचे वडील उशिरा आले, टँकरच्या पाळीला गेले होते. म्हणाले, ‘‘हिकडं काय बघाय आलासा? काय हाय हिकडं?’’ मी राजांविषयी, १९३९ विषयी बोलायला लागलो. ते ऐकत होते. मग म्हणाले, ‘‘आमचा आजा पंचायतीत हुता म्हणत्यात. पाच जणांत. सही येत न्हवती, मग म्हातारपणी गिरवाय लागला.’’

बापूला हे माहीत नव्हतं. तो उठून बसला. ‘‘मला कधी सांगितलं न्हाईसा?’’

‘‘तू कधी इचारलंस?’’

अंधारात कुणाला दिसलं नसेल, पण मी हसलो. मला एकट्यालाच तो प्रश्न ओळखीचा वाटला असं नाही, बापूही हसत होता.

रविवारी दुपारपर्यंत हॉस्टेलवर परत. हिशोब केला. माणशी दोनशे अठ्ठावीस. बारा-बारा रुपये उरले, त्यांचा कँटीनला चहा झाला.

जायचं असेल त्यांच्यासाठी दोन गोष्टी. औंधला जाण्याआधी संग्रहालयाची वेळ आणि सुट्टीचा वार फोन करून विचारा, आणि त्याला अर्धा दिवस ठेवा. उन्हाळ्यात जाऊ नका. आश्विनात संगीत महोत्सव असतो, १९४० पासूनची परंपरा आहे, कान तयार असतील तर तेव्हा जा. आणि तुमच्या विंगमध्ये त्या बाजूचा कुणी असेल तर आधी त्याला विचारा.

बापूचं पुढं काय झालं, असं कुणी विचारेल. विशेष काही नाही. तो अजून एकाच वेळेला जेवतो की दोन, ते मी इथं लिहिणार नाही. त्यानं हा लेख वाचला आहे, दोन ठिकाणी बोली दुरुस्त केली आहे आणि ‘छाप’ म्हणाला आहे. मेसमधलं वाक्य गाळू का, असं मी विचारलं होतं. म्हणाला, ‘‘न्हाई, ऱ्हाऊ दे.’’

जपान्याची वही परवा पुन्हा हातात आली. क्योतोच्या टाईमटेबलावर त्यानं पेन्सिलीनं फुली मारली आहे. खाली लिहिलंय : ‘ठिकाणं तीन. बाकीचं आल्यावर ठरवू. कोण कोण?’ त्यापुढं पाच रेघा आखलेल्या आहेत. पहिल्या रेघेवर बापूचं नाव आहे. पासपोर्ट अजून कुणाकडंच नाही.